पॉम्पेई: महायुद्धात बॉम्ब पडलेलं रोमन घर बघायचंय, सल्ला हवा

वाटसरू:
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये कामानिमित्त नेपल्सला जाणं आहे. एक दिवस मोकळा मिळतोय, तो पॉम्पेईला द्यावा म्हणतो. ज्वालामुखीची गोष्ट सगळेच सांगतात, मला 1943 च्या बॉम्बफेकीच्या खुणा बघायच्या आहेत. नेमकं कुठलं घर गाठू? सोबत आई आहे, सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरतात.

कोकणकन्या:
एकच निवडायचं तर सॅलुस्टचं घर. वाया कोन्सोलारेवर, एर्कोलानो वेशीकडे जाताना लागतं. नाव पडलं ते दर्शनी भिंतीवरच्या निवडणुकीच्या जाहिरातीवरून. मालक भलताच कोणी असावा. मूळचं ऐसपैस घर, पुढे तिथे खाणावळ-धर्मशाळा झाली. रस्त्यालगतच्या ओट्यात रांजण बसवलेत आणि शेजारच्या बेकरीत दगडी जाती अजून उभी आहेत.

सप्टेंबर 1943 मध्ये दोस्त फौजा पॉम्पेईच्या दक्षिणेला, सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरल्या. आसपासचे रस्ते-रेल्वे तोडायचे होते, शिवाय अवशेषांत जर्मन दडलेत असाही समज. ऑगस्ट-सप्टेंबर मिळून दीडशेहून जास्त बॉम्ब पॉम्पेईवर पडले. उत्खननाचे प्रमुख अमेदेओ मायुरी स्वतः पायाला जखमी झाले. या घराच्या आतल्या छोट्या बागेत अॅक्टिऑनचं मोठं भित्तिचित्र होतं: डायना देवीला अंघोळ करताना पाहिलं म्हणून हरीण होणारा आणि आपल्याच कुत्र्यांच्या तोंडी जाणारा शिकारी. ते चित्र गेलं ते गेलंच. आज दिसतं त्यातलं बरंच 1970 च्या सुमारास पुन्हा बांधलेलं आहे. पुढच्या चौकात मात्र संगमरवरी चिऱ्यांचा आव आणणारा जुना गिलावा आहे. भिंतीला जरा तिरकं उभं राहून बघा, एकेका चिऱ्याची कड उठून दिसते.

जुनाट:
घर उत्तम, पण काकूंना तिथवर नेऊ नका हो. ते फरसबंदीचे दगड म्हणजे धडधाकट माणसाचीही परीक्षा. त्यांना प्रवेशाजवळच्या अँटिक्वेरियममध्ये, म्हणजे तिथल्याच छोट्या संग्रहालयात, बसवा. तेही 1943 मध्ये बॉम्बखाली सापडलं होतं, 1948 मध्ये पुन्हा उघडलं. म्हणजे तुमचा विषयही सुटत नाही.

शक्य झालं तर नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय आधी करा (मंगळवारी बंद). तिथे पॉम्पेईची एकोणिसाव्या शतकातली कॉर्कची प्रतिकृती आहे. बॉम्ब पडायच्या आधीचं शहर डोळ्यांखालून घालून गेलात की पडझड जास्त कळते. आणि तिथेच पॉम्पेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती बाईची मूर्ती आहे, 1938 मध्ये मिळालेली. तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्या भोकरदन आणि तेरला मिळाल्यात. मला विचाराल तर तिच्यासाठीच जावं.

वाटसरू:
वा, भोकरदन आमच्या आजोळाजवळच! आईला आत्ताच सांगतो. गाइड करू का? आणि सॅलुस्टचं घर नेमकं बंद निघालं तर?

कोकणकन्या:
गाइडला आधीच विषय सांगा, नाहीतर फोरम आणि वेश्यागृह दाखवून मोकळा होईल. घरं आलटून पालटून उघडतात, आदल्या रात्री अधिकृत संकेतस्थळ बघा. बंद असलं तर फॉनचं घर. त्यालाही बॉम्ब लागला होता, पण तिथलं अलेक्झांडरचं मोझेक (खड्यांचं चित्र) शंभर वर्षं आधीच नेपल्सला हलवलं होतं म्हणून बचावलं. तिकीट नावानिशी असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. लोकलने जाणार असाल तर 'पॉम्पेई स्कावी' स्टेशनला उतरा; नुसतं 'पॉम्पेई' वेगळं आहे.