हर्णै बंदरात रेंज फुल, पण लिलावात पेमेंट जात नाही – मदत हवी आहे

मंडळी, मी आरएफ ऑप्टिमायझेशनचं, म्हणजे मोबाइल सिग्नलचा दर्जा सुधारायचं काम करतो. सध्या दापोलीकडचा भाग माझ्या गळ्यात आहे.

हर्णैच्या पुळणीवर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागला की फोनवर कांड्या पूर्ण, पण पैसे जात नाहीत. परवा माझ्यासमोर एक काकू सुरमईची टोपली अडवून उभ्या आणि गिऱ्हाइकाचा फोन नुसता गोल गोल फिरतोय. शेवटी त्याने शेजाऱ्याकडून रोख उसने घेतले. काकू माझ्या लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या, "डबे बसवून काय उपयोग झाला?"

ते डबे म्हणजे बंदरावर नुकतेच लावलेले दोन स्मॉल सेल (छोटे मोबाइल टॉवर). मॅक्रोच्याच, म्हणजे मोठ्या टॉवरच्याच, १८०० मेगाहर्ट्झच्या कॅरियरवर (फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यावर) आहेत. वेगळा कॅरियर मिळणार नाही, विचारून झालंय.

ड्राइव्ह टेस्ट (फिरत फिरत सिग्नल मोजणं) चालतच केली, पुळणीत गाडी रुतते. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) −७८ ते −८४ डीबीएम, म्हणजे चांगली; एसआयएनआर (इतर सिग्नलच्या गोंगाटात आपला किती स्वच्छ) मात्र −३ ते २ डीबी, म्हणजे वाईट. तीन सेलची ताकद जवळपास सारखी, ३ डीबीच्या आत: दोन स्मॉल सेल आणि खाडीपलीकडे आंजर्ल्याच्या बाजूच्या डोंगरावरचा मॅक्रो. पीसीआय (सेलचे ओळख क्रमांक) २७, १२०, २१३. गंमत म्हणजे सकाळी पुळण रिकामी असतानाही एसआयएनआर तेवढाच वाईट.

ईआयसीआयसी, म्हणजे मॅक्रोने अधूनमधून गप्प बसून स्मॉल सेलला वाट देणं, चालू करावं का? मॅक्रोच्या १० पैकी २ सबफ्रेम (वेळेचे छोटे तुकडे) रिकाम्या आणि स्मॉल सेलला ६ डीबी बायस (फोन तिकडे वळावेत म्हणून झुकतं माप), असं डोक्यात आहे. साहेब म्हणतात स्मॉल सेलची पॉवर वाढव.

टिल्टवाला: पॉवर वाढवू नका, दोन डबे एकमेकांच्याच उरावर बसतील. तुमच्या तिन्ही पीसीआयना ३ ने भागा, बाकी शून्य. दोन अँटेना पोर्टच्या साइटवर तिघांचे रेफरन्स सिग्नल (फोन ज्यावरून मोजमाप करतो ते) एकाच जागी पडतात, म्हणून लोड नसतानाही आकडा खराब. बदलाच. पण मग सकाळचा आकडा बघून खूश होऊ नका, संध्याकाळी डेटा आदळायचा तो आदळणारच.

ईआयसीआयसीला फेज सिंक (सगळ्या सेलची घड्याळं जुळलेली) लागतो, नाहीतर रिकाम्या सबफ्रेम जुळणार कशा? आणि त्या पूर्ण रिकाम्या नसतातच, रेफरन्स सिग्नल त्यातही जातो. घड्याळ जुळवायला डब्यांना जीपीएस आहे का? मॅक्रोचा टिल्ट (अँटेनाचा खाली झुकाव) किती?

धागाकर्ता: जीपीएस नाही. अँटेना समुद्रसपाटीपासून १३५ मीटरवर, टिल्ट २ अंश. बंदरावर मॅक्रोचा टीए (सिग्नलच्या प्रवासवेळेवरून अंतर सांगणारा आकडा) ५० च्या आसपास येतो.

टिल्टवाला: मग झालं की! टीएची एक पायरी ७८ मीटर, म्हणजे अंतर ३.९ किमी. १३५ मीटरवरून २ अंशाने बीमचा मध्य टेकतो तोही ३.९ किमीवरच, थेट लिलावात. मध्ये खाडी नि समुद्र, अडवायला एक माडसुद्धा नाही. ६ अंश करा, १.३ किमीत उतरेल.

धागाकर्ता: तेच करणार होतो दादा. पण एक तांडेल (होडीचे प्रमुख) म्हणाले, होडी परतताना आधी याच टॉवरची रेंज लागते, त्यावरच ते बंदरातला दर विचारतात. लिलाव सुधारायला होड्यांची रेंज तोडायची, हे मनाला पटत नाही.

खाडीकाठची: त्या साइटवर ८५० मेगाहर्ट्झचा बँडही आहे का? असेल तर तो २ अंशांवरच राहू द्या, समुद्र त्याच्याकडे सोपवा, फक्त १८०० झुकवा. दोन्ही बँडचे आरईटी (टिल्ट दुरून बदलणारी मोटर) वेगळे आहेत ना ते आधी बघा, एकच असेल तर दोन्ही झुकतील. बंदरातले फोन ८५० कडे पळू नयेत म्हणून १८०० ची प्रायॉरिटी वर ठेवा.

धागाकर्ता: ८५० आहे, आरईटीही वेगळे आहेत. हे सुचलंच नव्हतं ताई! पीसीआय आज रात्री बदलतो. टिल्ट एकदम ६ नाही, आधी ४ करून बघतो. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत भर लिलावात लॉग घ्यायला हवेत, नंतर पुळणीवर कोण भेटणार? तांडेलांना सांगून ठेवलंय, किती वाव पाण्यात रेंज सुटते ते कळवतील. ईआयसीआयसी तूर्त बाजूला.