हेमिंग्वे पहिल्याच आठवड्यात नको
अमेरिकन लेखक हेमिंग्वेची ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’ ही कथा वर्गात शिकवली की तिच्यात काही घडतच नाही, मुलं कंटाळतात, अशी एका शिक्षकाची तक्रार आहे. कंटाळणारच! सुरुवातीलाच हेमिंग्वे हातात दिला तर दुसरं काय होणार? स्पेनमधलं एक स्टेशन, गाडी यायला ४० मिनिटं, टेबलावर बिअर आणि एक पुरुष व एक तरुणी यांचं बोलणं. तो ज्या ऑपरेशनसाठी तिच्या मागे लागलाय, ते कसलं हे १९२७ सालच्या या कथेत कुठेच सांगितलेलं नाही. असं न सांगितलेलं ओळखत वाचायची सवय आधी लागायला हवी.

त्यासाठी मी अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ ही कथा आधी घेईन. जून १९४८मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकाने ती छापली आणि संतापलेल्या, गोंधळलेल्या वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. शेवट वाचून झाला की लगेच चर्चा नको. दुसरा परिच्छेद पुन्हा वाचायला लावायचा. शाळेला सुट्टी लागलेली पोरं दगड गोळा करतायत, गुळगुळीत, गोल बघून. एकाने तर खिसे भरलेत. पहिल्या वाचनात हा खेळच वाटतो; शेवटी याच दगडांनी गाव लॉटरीत चिठ्ठी निघालेल्या बाईला मारतं. जॅक्सनबाईंनी सगळं तिथेच उघड्यावर मांडून ठेवलंय!

मग हेमिंग्वे. संवाद दोन विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वाचून घ्या. कथेतली तरुणी सात वेळा ‘प्लीज’ म्हणत त्या पुरुषाला गप्प बसायला सांगते, तिथे वाचणारीचा आवाज आपोआप बदलतो. प्रतीकांची यादी (टेकड्या, मण्यांचा पडदा वगैरे) परीक्षेपर्यंत लांबवली तरी चालेल. नाहीतर मुलं कथा सोडून तीच पाठ करतात.