उबंटू २४.०४ टाकल्यापासून काहीच इन्स्टॉल होईना (खानापूर)

कचेरीसमोर_झेरॉक्स: खानापुरात (बेळगाव जिल्हा) झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, मशीनवर उबंटू (लिनक्स) आहे. रविवारी रात्री २२.०४ वरून २४.०४ चं अपग्रेड लावलं आणि निम्म्यात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. मशीन चालू होतंय, पण काहीही इन्स्टॉल करायला गेलं की 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' येतं (डीपीकेजी म्हणजे उबंटूत पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम). पीडीएफ जोडायचं ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी ॲपची फाइल) आहे, त्यावर डबल क्लिक केलं तर ढिम्म. प्रिंटरचा ३२ बिटचा ड्रायव्हर डेब फाइलमध्ये (उबंटूची इन्स्टॉलची फाइल) आहे, तोही बसेना. कन्नड अर्ज टाइप होतायत तेवढंच नशीब. खर्च ५०० च्या वर नको.

निपाणी_टेक: एसएसडी टाका. मी टाकला, मशीन नुसतं पळतंय.

कचेरीसमोर_झेरॉक्स: दादा, ५०० म्हटलंय की.

शहापूर_माग: 'इंटरप्टेड' म्हणजे पॅकेजं उघडून पडलीत, बसवायची राहिलीत. टर्मिनलात (आज्ञा टाइप करायची खिडकी) सुडो, म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं, डीपीकेजी, मग दोन रेघा लावून कॉन्फिगर, मग एक रेघ लावून ए. संपेपर्यंत खुर्चीतून उठू नका. त्यानंतर सुडो ॲप्ट (पॅकेजं आणून बसवणारी आज्ञा), दोन रेघा लावून फिक्स-ब्रोकन, मग इन्स्टॉल. हे झाल्याशिवाय प्रिंटरकडे बघूही नका.

मिंटवाला: उबंटू काढा, मिंट (दुसरं लिनक्स) टाका. माझ्याकडे चार वर्षं एकच मशीन, तक्रार नाही.

अनगोळ९०: ॲपइमेज उघडायला फ्यूज नावाचं सॉफ्टवेअर लागतं. मी शहाण्यासारखं 'फ्यूज' नावाचंच पॅकेज टाकायला गेलो. 'ही पॅकेजं काढली जातील' म्हणून हातभर यादी आली, न वाचताच वाय (होय) दाबलं. रीस्टार्ट केलं तर डेस्कटॉपच गायब! बायकोचा ऑनलाइन फॉर्म अर्धवट राहिला, ते अजून ऐकतोय. शेवटी कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन केलं आणि उबंटू-डेस्कटॉप परत टाकलं. २४.०४ ला पॅकेजचं नाव लिबफ्यूज२टी६४ आहे. तेच टाका, दुसरं नको.

निपाणी_टेक: हे टी६४ काय नवीन?

शहापूर_माग: ३२ बिटचं घड्याळ २०३८ मध्ये भरतं. म्हणून वेळ ६४ बिटची केली आणि बऱ्याच लायब्रऱ्यांची नावं बदलली.

मिंटवाला: २०३८ ला हा प्रिंटर असणार आहे का?

टिळकवाडी_काका: जमिनीच्या उताऱ्यासाठी दुकानात कोण जातं आता? सगळं ऑनलाइन मिळतं.

कचेरीसमोर_झेरॉक्स: ऑनलाइनच काढून देतो काका, लोक त्यासाठीच येतात. बाकी, डीपीकेजीवालं चाललं. वीस मिनिटं अक्षरं पळत होती. लिबफ्यूज टाकल्यावर ॲपइमेजही उघडलं. प्रिंटर तसाच.

अनगोळ९०: सांगितलं होतं ना, लिबफ्यूज!

शहापूर_माग: ३२ बिटसाठी आधी सुडो डीपीकेजी, दोन रेघा लावून ॲड-आर्किटेक्चर, पुढे आय३८६. मग ॲप्ट अपडेट. डेब फाइल ज्या फोल्डरात आहे तिथूनच सुडो ॲप्ट इन्स्टॉल, पुढे डॉट-स्लॅश आणि फाइलचं नाव. डॉट-स्लॅश विसरलात तर ॲप्ट तुमची फाइल सोडून त्या नावाचं पॅकेज शोधत बसतं. आणि अपग्रेड करताना बाहेरचे सोर्स (उबंटूची नसलेली पॅकेजं जिथून येतात ते) बंद होतात, ते डोळे मिटून परत चालू करू नका. आधी २४.०४ साठी आहेत का बघा.

निपाणी_टेक: एवढ्या वेळात नवा प्रिंटर आला असता. माझा वायफायचा आहे, मोबाईलवरून छापतो.

कचेरीसमोर_झेरॉक्स: सगळ्यांचे आभार. प्रिंटरचं एवढं करायला धीर होईना. गिऱ्हाईक ओळीत उभं होतं. बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर अजून २२.०४ आहे, तोच आणून प्रिंटर त्याला लावला. इकडे पीडीएफ करायची, पेनड्राइव्हनं तिकडे न्यायची. सपोर्ट २०२७ पर्यंत आहे, तोवर बघू. ५०० मधून पेनड्राइव्ह आणला.

शहापूर_माग: अहो, दोन ओळी टाइप करायच्या राहिल्या होत्या फक्त.

टिळकवाडी_काका: आणि यूपीएसची बॅटरी?