मदत हवी आहे: झडीनं कुंडीतला गुलाब गेला की राहिला?

नमस्कार मंडळी. नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. गच्चीवर बारा इंची प्लास्टिकच्या कुंडीत लाल कलमी गुलाब आहे, दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलेला. जानेवारीत एका वेळी अकरा फुलं मोजली होती. मे महिन्यात ४५ डिग्रीतही हिरव्या नेटखाली तगून होता. असा आपला उन्हाळा काढलेलं झाड पावसानं बसवावं, हे फार लागलंय.

झालं असं. जुलैच्या शेवटी आठ दिवस झड लागली. आमची गच्ची झिरपते, खालच्या मजल्यावरचे काका ओरडतात, म्हणून मी प्रत्येक कुंडीखाली थाळी ठेवते. ती पावसातही तशीच राहिली. म्हणजे कुंडी आठ दिवस पाण्यात बसून होती आणि मी खाली भजी तळत होते. मग खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं झाड उपाशी आहे, घातलं मूठभर डीएपी खत. चार दिवसांत उरलेली पानंही गळाली. गळालेल्या पानांवर विस्कटलेल्या कडांचे काळे ठिपके होते.

आज पाच फांद्यांपैकी तीन शेंड्याकडून काळ्या पडत खाली येताहेत. दोन नखानं खरवडल्या तर आत हिरव्या आहेत. माती वरून कोरडी दिसते, पण बोट दोन पेरं आत घातलं की थंडगार चिखल, आणि कुंडीच्या भोकापाशी नालीसारखा वास. एकच आनंदाची गोष्ट: बुंध्याशी एक जोरदार फूट आली आहे. आठवड्यात वीतभर वाढली, फिकट हिरवी, एका देठावर सात-सात बारीक पानं.

कुंडी आत्ताच बदलू की पाऊस संपू देऊ? आणि छाटणी आत्ता की दसऱ्यानंतर? जाणकारांनी सांगा प्लीज.

गच्चीबाग:
ताई, आधी उठून थाळी काढा, मग पुढचं वाचा.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून कुंडीत चिखल असून झाड तहानेल्यासारखं दिसतं. आपण सगळे इथेच फसतो, वरून आणखी पाणी घालतो नाहीतर खत. डीएपीनं उरलेल्या मुळांनाही चटका बसला असेल. आता नवी पानं येईपर्यंत खताचं नाव काढू नका.

दुसरी बातमी वाईट आहे. ती जोरदार फूट बहुतेक तुमचा गुलाब नाही. कलमी गुलाबाचा डोळा जंगली गुलाबाच्या खुंटावर भरतात. बुंध्याशी त्या जोडाची गाठ दिसेल. फूट गाठीच्या खालून निघाली असेल तर ती जंगली. नुसती पानं मोजून ठरवू नका, माती उकरून उगम बघा.

सदरकर:
भर पावसाळ्यात कुंडी बदलू नका. मी मागे तीन झाडं अशीच घालवली. शेडखाली सरकवा आणि विसरून जा.

गच्चीबाग:
एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण वास येतोय म्हणजे कुजणं चालू आहे, आणि ते दिवाळीपर्यंत थांबणार नाही. शिवाय नर्सरीतले बरेच गुलाब चिकट मातीच्या गोळ्यात येतात. आपण तो गोळा तसाच उचलून भुसभुशीत मातीत ठेवतो. बाहेरची माती वाळते, आतला गोळा ओला तो ओलाच. ताई, उघडून बघाच.

संत्रावाला:
ताई, मी काटोलकडचा. गुलाबाचं मले जास्त समजत नाही, पण काळ्या जमिनीत पाणी साचलं का आमच्या संत्र्याले हेच होते. मुळं सडते, खोडाले डिंक्या लागते, म्हणजे खोडातून डिंक गळते. आम्ही पावसाळ्याच्या आधी आन् नंतर खोडाले बोर्डो पेस्ट लावतो. तुम्हीबी फांद्या कापल्यावर कापावर लावा.

एक किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, हा बोर्डोचा आमचा हिशोब. तुम्हाले दहा-दहा ग्रॅम आन् शंभर मिली पाणी लय झालं. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात कालवा, मंग एकत्र करा. लोखंडी सुरी बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून टाका. त्याच दिवशी वापरा.

काळी फांदी हिरव्यातून कापा, काळ्याच्या खाली दोन इंच. कापात मधात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी खाली जा, पांढरं-हिरवं लागेपर्यंत. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, दरवेळी स्पिरिटनं पुसा. आन् ते जंगली फूट कापू नका, तिथून अजून चार निघतात. बुडापासून धरून ओढून काढा. तसं पाहिलं तर वाईट वाटून नका घेऊ, फूट आली म्हणजे खालचं मूळ जित्तं आहे.

(मूळ प्रश्न विचारणारी):
रविवारी उघडलं. गच्चीबाग, तुमचं म्हणणं तंतोतंत. बाहेर कोकोपीट, आणि मधे लाल मातीचा नारळाएवढा गोळा, दोन वर्षांनंतरही जसाच्या तसा! बादलीत बुडवून हलक्या हातानं सोडवला. तळची मुळं काळी, चिमटीत धरली तर साल मोज्यासारखी निघून आली. ती सगळी कापली. वरच्या बाजूची तपकिरी, कडक मुळं ठीक वाटली, ती ठेवली. फूट गाठीखालचीच निघाली. ओढून काढताना जिवावर आलं. आता मोठ्या कुंडीत लावू का?

गच्चीबाग:
उलट. मुळं कमी झालीत, मोठ्या कुंडीतलं पाणी पिणार कोण? आठ इंची मातीची कुंडी घ्या, ती अंगातून पाणी सोडते. दोन भाग चाळलेली माती, एक भाग जाड रेती, कन्हानची मिळाली तर उत्तम, आणि पसाभर जुनं शेणखत. तळाला गिट्टीचा थर देऊ नका, त्यानं पाणी लवकर उतरत नाही, उलट ओल वर मुळांपाशी येते. भोकावर एक खापरी बस. गाठ मातीच्या वर ठेवा. ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) मातीत घालणार असाल तर बोर्डो तिथे ठिबकू देऊ नका, तांब्यानं ती बुरशी मरते. गळालेली पानं वेचून कचऱ्यात टाका, कुंडीत ठेवलीत तर काळे ठिपके पुन्हा वर चढतील. आठवडाभर सावली, मग सकाळचं ऊन. पाणी बोट घालून बघितल्याशिवाय नाही.

(मूळ प्रश्न विचारणारी):
अपडेट. पाण्याची सवय मोडायला वेळ लागला, दोनदा मग्गा हातातून परत ठेवला. सतरा दिवस काहीच हालचाल नव्हती. परवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक बघून आलो, "घेऊन जा गे मारबत" ओरडून घसा बसलेला, सहज गच्चीवर गेले तर एका फांदीवर लाल डोळा फुगलेला, मसुरीच्या डाळीएवढा. आज दोन आहेत, दोन्ही गाठीच्या वर. आता ऑक्टोबरची छाटणी करायची ना?

गच्चीबाग:
यंदा नाही. दोन फांद्यांच्या झाडाची काय छाटणी करणार? पानं वाढू द्या. पहिल्या कळ्या दिसल्या की त्याही खुडा.

संत्रावाला:
खुडायचं सांगणं सोपं आहे भाऊ. ताईले एक तरी फूल पाहू द्या.

(मूळ प्रश्न विचारणारी):
एक ठेवीन, बाकीच्या खुडते. थाळ्या सगळ्या काढल्या, कुंड्या दोन-दोन विटांवर चढवल्या. खालच्या काकांना अजून सांगितलेलं नाही.