गच्चीवर सोलर बसवलं तर तेल वाचतं का? सोसायटीच्या मीटिंगमधला वाद

ऐरोलीची सेक्रेटरी:
नमस्कार मंडळी. ऐरोलीत आमची २८ घरांची जुनी सोसायटी आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे मिळून कॉमन मीटरवर महिन्याला ९०० युनिटच्या आसपास जातात, म्हणून रविवारच्या मीटिंगमध्ये मी गच्चीवर सोलरचा विषय मांडला. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आपल्या समुद्रात तेल आहे, ते आधी काढा. चार पॅनलनी देशाचं काय भागणार?" त्यावर एक कॉलेजातली मुलगी उठली. तिचं म्हणणं, २६ जुलै २००५ चा पूर पुन्हा नको असेल तर तेल काढणं आजच बंद करा. तासभर तेच चाललं आणि ठराव बाजूलाच राहिला.

पुढच्या मीटिंगला मला खात्रीचं बोलायचं आहे. सोलरने खरंच तेल वाचतं का? आणि नवीन विहिरी खणाव्यात की नाही?

उरणकर:
ताई, माझी सगळी नोकरी बॉम्बे हाय या मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर गेली. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मीटिंगमधला घोळ. तुमच्या कॉमन मीटरमध्ये तेल नाहीच. आपल्याकडे वीज बनते मुख्यतः कोळशावर. देशातल्या विजेचा साधारण तीन चतुर्थांश भाग अजून तिथूनच येतो. गच्चीवरचं पॅनल कोळसा वाचवतं. तेल जळतं ते खाली पार्किंगमध्ये, स्कूटर आणि गाड्यांत. तेव्हा तुमचे काका आणि ती मुलगी दोन वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत होते. पॅनलमुळे तेल कधी वाचेल? स्कूटर त्याच विजेवर चार्ज व्हायला लागली की. म्हणून ठराव करताना चार्जिंग पॉइंटही त्यातच घाला.

आता काकांचा मुद्दा. तो हसण्यावारी नेऊ नका. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. बॉम्बे हायला १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या खोदकामाच्या जहाजाने तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरूसुद्धा झालं. एवढ्या झपाट्याने झालेलं काम आम्ही अभिमानाने सांगायचो. पण ते दिवस गेले. तिथलं उत्पादन १९८५ मध्ये दिवसाला चार लाख पिंपांच्या वर होतं, आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. आणि उरलेलं नवीन तेल खोल पाण्यात आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला खोल समुद्रातला एक ब्लॉक ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीकडे २००५ मध्ये आला, त्यातलं पहिलं तेल निघालं जानेवारी २०२४ मध्ये. आज खणायला घेतलेली विहीर या दशकातली टंचाई भागवणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. चालू विहिरींतून निघेल तेवढं नीट काढा, वायू जाळून टाकू नका. सुरुवातीच्या काळात पाइपलाइन अपुरी होती म्हणून किती वायू मशालीत गेला ते मी बघितलंय. रात्री डेकवर उभं राहिलं की त्या उजेडात हातातला कागद वाचता यायचा आणि तोंडावर धग लागायची. तोच वायू पुढे उरणला आणला, त्यावर वीज झाली, थळला खत झालं. पण नव्या खोल विहिरींवर पुढची वीस वर्षं पैसा बांधून ठेवायला माझा विरोध आहे. तो पैसा साठवणुकीच्या बॅटऱ्यांत आणि वीजवाहिन्यांत गेला पाहिजे.

मुलीलाही एक सांगा. २६ जुलैच्या एकट्या पुराचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही, मिठी नदीचं आपण काय केलं तेही त्यात आलं. पण पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या तेव्हा मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढलेल्या दिसल्या. अरबी समुद्र तापतोय. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज बुडवला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. ती तेलक्षेत्रावर कामाला आलेली कंत्राटी माणसं होती. हे मला अजून पचलेलं नाही.

करंजा बंदर:
उरणकर काका, मासेमारांचंही लिहा की. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटर आम्हाला बंदी. तेल शोधणारी सर्व्हेची बोट आली की जाळी काढून घ्या म्हणून सांगतात आणि ऐन हंगामातले दिवस जातात. ऑगस्ट २०१० मध्ये दोन जहाजं धडकली, तेल खाडीच्या तिवरांपर्यंत आलं, आणि मासळी चांगली असली तरी गिऱ्हाईक हात लावेना.

उरणकर:
बरोबर आहे दादा, राहिलंच ते. २०१० चं तेल विहिरीचं नव्हतं, जहाजाच्या टाकीतलं होतं. पण तुमचं नुकसान झालं ते झालंच. सर्व्हेच्या दिवसांची भरपाई आधी ठरवून मिळायला हवी, नंतर खेटे घालून नव्हे.

पॅनलवाला, ठाणे:
सेक्रेटरीताई, मी हेच काम करतो. ९०० युनिटला ८ किलोवॅट पुरेल. १ किलोवॅट महिन्याला सरासरी ११०-१२० युनिट देतं आणि त्याला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे तुमचे १,४४,००० झाले. गाड्यांचं चार्जिंगही या अनुदानात बसतं.

पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येतं, हे मीटिंगमध्ये आधीच सांगून टाका. एप्रिल-मेमध्ये उरलेले युनिट नेट मीटरिंगमध्ये पुढच्या बिलांत वळते होतात, हिशेब मार्चअखेर मिटतो. गळतीसाठी गच्चीवर पत्र्याची शेड घातलीय का? असेल तर तिचे पाइप पॅनलचं वजन आणि वारा घेतील का ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर कुठवर जाते ते स्वतः वर जाऊन बघा. एका पॅनलवर सावली पडली तरी त्या ओळीतली बाकीचीही ढेपाळतात.

ऐरोलीची सेक्रेटरी:
सगळ्यांचे आभार. शेड आहे, गंजलेलीसुद्धा आहे, त्यामुळे आधी इंजिनिअर. उरणकर काका, तुमचं कोळसा वरती आणि तेल पार्किंगमध्ये हे मी नोटीसबोर्डवर लावणार आहे. ८ किलोवॅटने वर्षाला किती कार्बन वाचेल?

उरणकर:
आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. तुमचे वर्षाचे दहा-अकरा हजार युनिट, म्हणजे सात टनांच्या वर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना माझा निरोप द्या, तेलाबद्दल बोलायचं असेल तर उरणला या, मी जेट्टीवर भेटतो.