शब्दचर्चा: 'नॉन-हॉजकिन'मधला 'नॉन'

प्रश्न
मामंजींच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासला. रिपोर्टात 'नॉन-हॉजकिन लिम्फोमा' आलं. घरातले म्हणतात, "नॉन म्हणजे नाही. कॅन्सर नाही!" आम्ही अमळनेरकडचे, घरात अहिराणी. याला घरी समजेल असा शब्द कोणता?

प्रतिसाद
ताई, मी धुळ्यात कॅन्सर वॉर्डात सिस्टर आहे. 'नॉन' ऐकून सुटकेचा श्वास टाकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दुसऱ्यांदा समजावताना त्यांचा चेहराही. थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरांनी १८३२ मध्ये लसीकाग्रंथींच्या (मान, काख, जांघेतल्या ग्रंथींच्या) एका आजाराचं वर्णन केलं, पुढे त्यांचंच नाव त्याला मिळालं. लिम्फोमा म्हणजे या लसीकांचा कॅन्सर; हॉजकिनचा सोडून बाकीचे सगळे लिम्फोमा ते 'नॉन-हॉजकिन'. नकार आहे तो हॉजकिनला, कॅन्सरला नाही. 'लसीकार्बुद' असा शब्द आहे, पण वॉर्डात तो कुणी बोलत नाही. मी 'गाठींचा कॅन्सर' म्हणते आणि लगेच सांगते की याचे साठाहून जास्त प्रकार आहेत. काही वर्षानुवर्षं रेंगाळतात, काही आठवड्यांत वाढतात, आणि बरेच उपचारांना चांगली दाद देतात.

प्रतिसाद
पायात काटा मोडला की जांघेत येतं ते अवधाण, तेच का हे?

प्रतिसाद (सिस्टर)
ग्रंथी त्याच, कारण वेगळं. अवधाण दुखतं आणि जखम भरली की बसतं. ही गाठ बहुधा दुखतच नाही. "मानले गाठ उनी, पन दुखत नही" म्हणत लोक महिनोन्महिने घरी थांबतात, तेव्हा जीव तुटतो. गंडमाळ म्हणजे टीबीची गाठ, तीही अशीच दिसू शकते. म्हणून तुकडा काढावाच लागतो. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही.

रात्रीचा घाम ही या आजाराची एक खूण, पण नुसतं 'घाम येतो का?' हे आपल्या जळगाव-धुळ्यात वैशाखात विचारून उपयोग नाही, सगळ्यांनाच येतो. मी विचारते, "पौषातसुद्धा गोधडी भिजते का? रात्री उठून कपडे बदलता का?" तसं होत असेल, किंवा सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर ते मी कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवते.

आणि एक शब्द मला फार छळतो: 'ऊन लागलं'. केमोनंतर (कॅन्सरच्या औषधांनंतर) साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात. तेव्हा ताप आला की घरचे 'ऊन लागलं' म्हणत कांदा ठेचून तळपायांना चोळतात आणि सकाळची वाट पाहतात. थर्मामीटरवर ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसलं की रात्र असो, पाऊस असो, दवाखाना गाठायचा. केमोचं लाल औषध दिलं तर दिवसभर लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. मात्र सलाईन चालू असताना सुईपाशी जळजळ झाली तर "सिस्टर कामात आहे" म्हणून गप्प राहू नका, हाक मारा.

प्रश्नकर्ती
मामंजींना आत्ताच सांगितलं. "गाठस्ना कॅन्सर" म्हणाले आणि विचारलं, केमो कधी.