ह्यांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं, आता शेक (रेडिएशन) सुरू होणार. सोबतीला मी एकटी

गेवराईची_ताई

नमस्कार. पहिल्यांदाच लिहायलेय, सांभाळून घ्या.

हे टेम्पो चालवायचे. कापूस, कांदा, मोसंबी, मिळेल ते भाडं. रात्रीच्या गाडीला झोप येऊ नये म्हणून पुडी, आणि मग दिवसाही पुडी. 2012 ला राज्यात गुटख्यावर बंदी आली म्हणतात, आमच्या फाट्यावरच्या टपरीला ते अजून कुणी कळवलेलं नाही. आधी गालाच्या आत पांढरा चट्टा, मग तोंड उघडेना, मग गाठ. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. डाव्या बाजूचा जबडा, गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. छातीवरचं मांस-कातडी वर वळवून तिथं लावलीय. नाकातून नळी आहे, खाणंपिणं सगळं तिच्यातूनच. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू झाला पाहिजे. सोमवार ते शुक्रवार, एकूण तीस-तेहतीस वेळा, आणि आठवड्यातून एकदा केमो.

हे झालं आजाराचं. मला दुसरंच विचारायचंय.

नीट बोलता येत नाही म्हणून लेकीची जुनी पाटी दिलीय. आधी लिहायचे, पाणी, लघवी, दुखतंय. आता एकच लिहितात, "घरी चल". मी नाही म्हटलं की पाटी भिंतीकडं तोंड करून ठेवतात. मी नळीतून घालायला लागले की डोळे मिटून घेतात. गावात कुणाचंही भांडण हसत हसत मिटवणारा माणूस, आता नर्सबाईंनी कूस बदला म्हटलं तरी हात झटकतो. काल लिहिलं, "तू दमलीस, माहेरी जा."

पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाईला थांबू देत नाहीत. दीर आत, मी व्हरांड्यात चटईवर. सोयाबीन काढायला दीर गावी गेले की पंचाईत. भेटायला येणाऱ्यांचा ताप वेगळा. खाटेशी उभं राहून "पुडीनंच घात केला बघा" म्हणतात आणि खिशातून पुडीच डोकावते. लेक दहावीला आहे. ती आली, बापाचं तोंड बघितलं आणि तशीच बाहेर जाऊन उभी राहिली. ह्यांनी ते पाहिलं.

शेक चालू असताना गेवराईहून रोज जा-ये करावी का संभाजीनगरला खोली घ्यावी? नळीचं खाणं घरी जमतं का? आणि ह्यांना बोलतं कसं करू? मी अंगणवाडीत मदतनीस आहे. रजा पुरणार नाही, ते दिसतंयच.

काळी_माती

ताई धीर धरा, देव आहे. आमच्या पाहुण्यांना एका वैद्यबुवाच्या पावडरीनं गुण आला, शेकाची गरजच पडली नाही. नंबर पाठवू का?

निलंग्याची_मावशी

नंबर नको दादा, तुमच्याकडंच ठेवा. आठवड्याच्या केमोला बहुतेक सिस्प्लॅटिन नावाचं औषध देतात. ते मूत्रपिंडावर आधीच जड. त्यात काय कुटलंय ते माहीत नसलेली पावडर टाकायची आणि मग रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडावर ताण आल्याची खूण) वाढलं म्हणून केमो थांबवायची, हे मी शेजारच्या खाटेवर पाहिलंय. ताई, डॉक्टरांना न सांगता काहीही द्यायचं नाही, साधा काढासुद्धा.

आता तुमचं. आमचे मालक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. बोलण्यावर पोट असलेला माणूस, आणि कॅन्सर जिभेच्या कडेला. पाटी आमच्याकडंही आली होती. शाळेतून आलेली, तिच्यावर बाराखडीच्या रेघा होत्या. ते तिच्यावर मला शुद्धलेखन सुधारून द्यायचे, इतका राग.

माझं ऐकाल तर पहिली गोष्ट, ती नळी त्यांच्याच हातात द्या. हात धड आहेत ना? मग बायकोनं वाढायचं आणि आपण लोळागोळा होऊन पडायचं, हे कशाला? डोळे मिटतात ते तुमच्यावर रागावून नव्हे. दिवसातून आठ वेळा आपल्याला कुणीतरी भरवतंय, हे बघवत नाही म्हणून. नर्सबाईंना सांगा, ह्यांना शिकवा. ताठ बसायचं. नाकाशी नळीवर जी खूण केलेली असते ती जागेवर आहे का बघायचं, सरकली असेल तर काहीच घालायचं नाही, नर्सला बोलवायचं. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा, ती नळीला लावून डोक्याच्या उंचीला धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं, दाब द्यायचा नाही. मग स्वच्छ पाणी सोडून नळी धुवायची आणि अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. खोकला आला, दम लागला की तिथंच थांबायचं. मास्तर दोन दिवसांत शिकले. तिसऱ्या दिवशी मला लिहून दिलं, "तू गाळताना गुठळ्या ठेवतेस." त्या दिवशी मला बरं वाटलं.

गुठळ्यांवरून आठवलं. ज्वारीच्या पिठाची पेज घालू नका, निवली की घट्ट होते आणि नळी बसते. मुगाची डाळ, मऊ भात, उकडलेलं अंडं, दूध, शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट, सगळं शिजवून मिक्सरमधून काढून पातळ कापडातून दोनदा गाळायचं. एका वेळी साधारण दोनशे मिली, दर दोन तासांनी. आहारतज्ज्ञ बाई तक्ता देतात, तो मागून घ्या. गोळ्या वेगळ्या कुटून, पण कुठली कुटायची नाही ते विचारून. नळी बसलीच तर कोमट पाणी हळू, तार-काडी काही घालायचं नाही. म्हणजे हो, घरी जमतं.

खोलीचं. पहिले दोन आठवडे जा-ये निभते. शेक पाच-दहा मिनिटांचा, जातो वेळ रांगेत आणि रस्त्यात. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलतं, थुंकी चिकट होते, मानेची कातडी काळी पडते, त्यात केमोची मळमळ. तेव्हा एसटीत दीड-दोन तास बसवत नाही. तिथून पुढं खोली घ्या, आणि शेवटचा शेक झाल्या दिवशी सोडू नका. कुणी सांगत नाही ते हे, की शेक संपल्यावरचे एक-दोन आठवडे सगळ्यात वाईट असतात. गावात पेढे वाटायला निघालेले लोक तेव्हा म्हणतात, "अजून कसे काय असेच?" त्यांना चहा पाजून पाठवा.

तोंडासाठी लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा, दिवसातून सात-आठ वेळा चूळ. गिळायचं नाही. मानेला तेल, हळद, बाम काही नाही. ब्लेडनं दाढी नाही. ताप 100.4 च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले तरी दवाखाना. कानात शिट्टी वाजते म्हणाले किंवा लघवी कमी झाली तर पुढच्या केमोआधी सांगा. आणि आइस्क्रीमच्या काड्या जमवा. फिजिओथेरपीवाले दातांत एकावर एक काड्या ठेवून तोंड उघडायला लावतात. शेकानं जबडा आखडतो. हा व्यायाम सोडला तर नळी निघाल्यावरही घास जात नाही. हा मास्तरांनी टाळला नाही, बाकी सगळं टाळलं.

रागाचं. ताई, त्यांची पुडी एका दिवसात सुटलीय. वीस वर्षांची तलफ ऑपरेशनच्या टेबलावर राहत नाही. चिडचिड, हात झटकणं, झोप नसणं, यात तिचा वाटा असतो. डॉक्टरांना सरळ सांगा, त्यावर औषध आहे. दुखणं नीट आटोक्यात आहे का, तेही विचारा. आपली माणसं दुखतंय म्हणायला लाजतात. त्यावरही माणूस गप्पच राहिला, "मी नसलो तर" असं काही लिहायला लागला, तर समुपदेशक किंवा मानसोपचारवाल्यांना बोलवायला सांगा.

आणि त्यांना "बोला ना, बोला ना" म्हणू नका. काम विचारा. टेम्पोचा हप्ता कितीला आहे, गाडी भाड्यानं कुणाला द्यायची, विमा कधी संपतो. ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही ते विचारा, उगाच विचारलेलं त्यांना कळतं. पाटीवर लिहीत असताना अर्ध्यातच "कळलं, कळलं" म्हणायचं नाही, पूर्ण होऊ द्यायचं. वेळ जातो, जाऊ द्या.

लेकीला आधी फोटो दाखवा, मग आणा. तिच्या हातात वही असू द्या. बघायला आलेली लेक आणि अभ्यास घेऊन आलेली लेक यात फरक पडतो.

भेटणाऱ्यांना "डॉक्टरांनी मनाई केलीय" एवढंच सांगायचं. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, गर्दी नकोच असते, त्यामुळं ते खोटंही नाही.

परभणी_स्टेशन

मावशींचं बरंचसं पटतं, एक सोडून. माझ्या बायकोचा स्तनाचा कॅन्सर, केमो आणि शेक दोन्ही झालं. मी तिला हिशेब दाखवायचो, दुकानाचं विचारायचो. ती एक दिवस म्हणाली, "अहो, मला काही ठरवायला लावू नका. वीस वर्षं मीच ठरवलंय ना घरात सगळं?" तेव्हापासून मी भाजीसुद्धा विचारली नाही. काही माणसांना काम लागतं, काहींना सुट्टी लागते. ताई, तुमच्या मालकांना नळी हातात घ्यायची नसेल तर जबरदस्ती करू नका, चार दिवसांनी परत विचारा.

प्रवासाचं थोडं सांगतो. आम्ही मुंबईला देवगिरी एक्सप्रेसनं जायचो. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. दवाखान्याच्या सहीशिक्क्याचा ठरलेला फॉर्म लागतो, तो तिकीट खिडकीवर द्यायचा. एसटीतही कॅन्सरच्या पेशंटला सवलत आहे, तुम्हाला तर 2023 पासून अर्धं तिकीट आहेच.

गेवराईवाल्यांना मुंबई गाठायची गरज नाही असं माझं मत. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलशी जोडलेलं, शेक तिथं मिळतो. धाराशिव-लातूरकडची माणसं बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला जातात. शेक महिना-दीड महिना रोज असतो, तो घराजवळ असलेला बरा.

खिडकीपलीकडचा

मी काही वर्षं आरोग्यमित्र (दवाखान्यात सरकारी योजनेचं काम बघणारा) होतो म्हणून सांगतो. ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं असेल तर शेक आणि केमो त्यातच बसतात का, हे आत्ताच विचारा, सुरू व्हायच्या दिवशी नव्हे. प्रत्येक टप्प्याला वेगळी मंजुरी लागते. कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत मर्यादा आहे, ऑपरेशनात किती गेले तो आकडा आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. रेशन कार्ड, आधार, तुकडा तपासल्याचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर दिरांना सोयाबीनआधी तहसीलला पाठवा.

मोठ्या ट्रस्टच्या दवाखान्यात जायची वेळ आली तर धर्मादाय खाटांचं विचारा. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा, तोंडी विचारलं की "शिल्लक नाही" असंच उत्तर मिळतं.

गेवराईची_ताई

सगळ्यांचे आभार. आज नर्सबाईंनी ह्यांना नळीचं दाखवलं. पहिल्यांदा मान हलवून नाही म्हणाले. दुपारी मी डबा धुवायला गेले होते, आले तर सिरिंज हातात धरून बसलेले. सदऱ्यावर निम्मं सांडलं होतं. मी काही बोलले नाही. संध्याकाळी टेम्पोच्या विम्याचं विचारलं तर पाटी दोन्ही बाजूंनी भरली.

तलफेचं डॉक्टरांशी बोलले, ते म्हणाले आधी सांगायला पाहिजे होतं.

अजून एक विचारू का? लाजच वाटतेय. छातीची कातडी गालाच्या आत लावलीय ना, ह्यांच्या छातीला केस लई. ते आत वाढायलेत की काय असं वाटतंय.

निलंग्याची_मावशी

लाज कसली. वाढतात, कातडी छातीचीच ना. पुरुषांना होतं हे, डॉक्टरांना नवं नाही. शेक त्याच भागावर असला तर बरेचदा तिथले केस गळूनच जातात. तोवर फार टोचत असतील तर ओपीडीत सांगा, तिथं कापून देतात. घरी कात्री घालू नका. त्या कातडीला आधीसारखी जाणीव नसते, कापलं तरी कळायचं नाही.

आणि आता आठवलं, शेकाआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवलंय का? खराब दात आधीच काढून जखम भरू द्यावी लागते. नंतर गावात परस्पर दात उपटला तर जबड्याचं हाड सडू शकतं. उद्याच विचारा, परवा नको.